बुडालेल्या पेढीची पत

मुंबईहून आलेला लोहमार्ग भुसावळला दुभंगतो. एक फाटा अकोला, बडनेरा करत नागपूरला जातो. दुसरा रावेर ओलांडून बऱ्हाणपूरला, तिथून खंडवा, इटारसी आणि जबलपूर. नागपूरचा मार्ग १८६७ मध्ये सुरू झाला. जबलपूरचा १८७० च्या मार्चमध्ये पुरा झाला आणि मुंबई-कलकत्ता अशी सलग गाडी धावू लागली. खानदेश, निमाड आणि वऱ्हाडाचा कापूस बंदरावर लवकर पोचावा, ही या रुळांमागची मोठी गरज होती.

याच काळात पस्तिशीही न गाठलेला एक पारशी व्यापारी कापडगिरणीसाठी जागा शोधत या मुलखात हिंडत होता. त्याच्या बापाची पेढी काही वर्षांपूर्वी मुंबईच्या कापूस-सट्ट्यात बुडाली होती. त्याचं मन आधी जबलपूरवर बसलं. तिथे नर्मदेच्या पाण्याची ताकद होती. पण चरित्रकार सांगतात, मनात भरलेल्या जागेवर एका साधूचा मुक्काम होता, त्याचा शिष्यवर्ग मोठा होता आणि त्याला उठवण्याची कोणाची तयारी नव्हती. मग त्याने दुसऱ्या फाट्यावरचं नागपूर निवडलं. त्याचं नाव जमशेटजी नसरवानजी टाटा.

बऱ्हाणपूर जबलपूरच्या वाटेवर होतं. इथे कापूस होता, रेल्वे होती, तापी होती आणि पिढ्यान्‌पिढ्या मागावर बसलेले विणकर होते. तरी बऱ्हाणपुरात मोठी गिरणी उभी राहायला १९०६ साल उजाडलं. बुडालेलं घराणं वर येतं कसं आणि बुडालेलं शहर तसंच का राहतं, असा या लेखाचा विषय आहे. दोन्ही गोष्टी एकाच कापसाच्या असल्यामुळे त्या एकत्र सांगतो.

बऱ्हाणपूरला जाणारा माणूस बहुधा मुमताजसाठी जातो. १६३१ च्या जूनमध्ये ती इथे बाळंतपणात गेली आणि तिचं पहिलं दफन तापीपलीकडे झैनाबादच्या आहूखान्यात झालं. शाही किल्ल्यातला हमाम बघावा, मुघल सुभेदार खानखानानच्या काळातला भुयारी पाण्याचा कुंडी भंडारा बघावा, मावा जिलेबी खावी, दराबा बांधून घ्यावा आणि परतावं, असा साधारण रिवाज आहे. गावही प्रवाशाला तेवढंच दाखवतं. पण हे गाव मुळात राजाराणीचं नव्हतं, व्यापाऱ्याचं होतं. फारुकी सुलतानांनी ते वसवलं आणि दौलताबादच्या शेख बुऱ्हाणुद्दीन यांचं नाव त्याला दिलं. १६०१ मध्ये अकबराने असीरगड घेतला आणि बऱ्हाणपूर दख्खनचं दार झालं. इंग्रजांचा वकील थॉमस रो १६१५ च्या नोव्हेंबरमध्ये सुरतेहून अजमेरला निघाला, तेव्हा वाटेत शहजादा परवेझच्या या दरबारात थांबून त्याने वखारीची परवानगी मागितली. इंग्रज कंपनीला बऱ्हाणपुरात काय हवं होतं, हे निराळं सांगायला नको.

फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निए इथून गेला. इथलं तलम कापड इराण, तुर्कस्तान, मॉस्को, पोलंड, अरबस्तान आणि कैरोपर्यंत जातं, असं त्याने लिहून ठेवलं. काहींवर रंगीत फुलं, काहींच्या काठांना सोन्याचांदीचे पट्टे, बायकांच्या ओढण्यांसाठी. त्याच वर्णनात आणखी एक गोष्ट आहे, ती गाइड सांगत नाहीत. शहर बरंचसं पडझड झालेलं आहे आणि बहुतेक घरं गवताने शाकारलेली आहेत, असंही तो म्हणतो. भरभराटीच्या काळातही पैसा बऱ्हाणपुरातून जात होता, मुरत नव्हता. विणणारा इथला आणि पैसा लावणारा बहुतेक वेळा सुरतेचा. त्या शतकातला सगळ्यात धनाढ्य सावकार मानला गेलेला विरजी व्होरा सुरतेत बसून बऱ्हाणपुरातल्या आपल्या आडत्यांकडून माल उचलत असे. १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी सुरत लुटली, तेव्हा विरजीची पेढी धुऊन निघाली. १६७० च्या दुसऱ्या स्वारीनंतर त्याचं नाव इंग्रजांच्या कागदपत्रांतून विरत जातं. ती दौलत परत उभी राहिली नाही.

पुढची पाळी खुद्द बऱ्हाणपूरची होती. १६८१ च्या सुरुवातीला, संभाजी महाराजांची कारकीर्द नुकतीच सुरू झाली असताना, मराठ्यांनी बहादूरपुऱ्यावर आणि शहराबाहेरच्या बाकीच्या पेठांवर झडप घातली आणि दिवसामागून दिवस लूट गोळा केली. तटाच्या आतला सुभेदाराचा माणूस दारं लावून बसला. लुटले गेले ते सराफ, कापडवाले, वखारवाले. बादशहाने रक्षण केलं नाही तर जुम्म्याचा नमाज बंद करू, असं शहरातल्या प्रतिष्ठितांनी औरंगजेबाला कळवलं आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात तो स्वतः बऱ्हाणपुरात येऊन दाखल झाला. आपण मराठी माणसं हा प्रसंग छाती फुगवून वाचतो, आणि लढाईच्या हिशेबात ते बरोबरही आहे. पण एखाद्या सराफाच्या खतावणीत त्या दिवसांची नोंद कशी झाली असेल, हा विचार बखर वाचताना आपल्या मनात येत नाही.

त्यानंतर मालक बदलत राहिले. पहिला निजाम १७४८ मध्ये इथेच वारला. १७६० मध्ये उदगीरच्या लढाईनंतर शहर पेशव्यांकडे आलं, पुढे शिंद्यांकडे. १८०३ च्या ऑक्टोबरमध्ये कर्नल स्टीव्हन्सनने ते लढाई न करता घेतलं, मग पुन्हा शिंदे आणि १८६० च्या सुमारास कायमचे इंग्रज. एवढ्या उलथापालथीत जी कारागिरी टिकली ती जरीची. चांदीच्या कांबीवर सोन्याचा वर्ख चढवून ती तापवायची, पोलादी जंतराच्या एकाहून एक बारीक भोकांतून खेचत केसासारखी तार करायची. ती चपटी केली की बादला, बादला रेशमावर गुंडाळला की कलाबतू. त्यातून काठ, पदर आणि किनखाप. निमाड जिल्ह्याच्या १९०८ च्या गॅझेटियरने या तारकशांची दखल घेतली, पण उतरत्या धंद्याची घ्यावी तशी. दरबार संपले, गिऱ्हाईक संपलं. १८५७ नंतर उत्तरेतून दक्षिणेकडे सरकलेले मोमीन विणकर मालेगाव, भिवंडीप्रमाणे इथेही स्थिरावले आणि मागांचा आवाज चालू राहिला, पण तो साध्या सुती कापडाचा.

आता मुंबई.

नसरवानजी टाटा नवसारीच्या पुरोहित घराण्यातले. भिक्षुकी सोडून धंद्यात पडणारे त्या घरातले ते पहिले. मुलगा जमशेटजी, जन्म ३ मार्च १८३९. तो एल्फिन्स्टन कॉलेजात शिकला, बापाच्या पेढीत आला आणि १८५९ मध्ये हाँगकाँगला गेला. चीनला कापूस आणि अफू जायची, तिकडून चहा, रेशीम, कापूर, तांबं, पितळ यायचं. अफूचा उल्लेख काही चरित्रांत घाईघाईने उरकला जातो. तसं करण्याचं कारण नाही. त्या काळच्या मुंबईच्या बहुतेक मोठ्या पेढ्या त्या व्यापारावर वाढल्या आणि टाटाही त्याला अपवाद नव्हते.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, दक्षिणेची बंदरं अडवली गेली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना. भाव असा चढला की मुंबईत लोकांनी गाद्या उसवून कापूस विकला, असं सांगतात. वऱ्हाड-धारवाडकडच्या शेतकऱ्यांनी गाडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसवल्याच्या कथा तर प्रसिद्धच आहेत. कापसातून आलेला पैसा मुंबईत बँका आणि समुद्र बुजवण्याच्या कंपन्यांत घुसला. बॅकबे रेक्लमेशनचा पाच हजार भरलेला शेअर पन्नास हजारांवर गेला. या सगळ्याच्या मध्यभागी होते प्रेमचंद रायचंद, आणि नसरवानजींचे धागे त्यांच्याशी जुळलेले होते. लंडनमध्ये हिंदी व्यापाऱ्यांची बँक काढायची, असा बेत ठरला. १८६४ च्या अखेरीस जमशेटजी कापसाचे कागद घेऊन विलायतेला निघाले.

एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेचा सेनापती जनरल ली शरण आला. अमेरिकेचा कापूस मोकळा होणार हे उघड झालं आणि भाव कोसळला. मुंबईतले वायदे १ जुलै १८६५ या दिवशी पुरे करायचे होते. तो दिवस उजाडला तेव्हा देणारा कोणी उरला नव्हता. प्रत्येकाचं येणं दुसऱ्याकडे अडकलं होतं आणि दुसऱ्याचं तिसऱ्याकडे. पन्नास हजारांचा बॅकबे शेअर दोन हजारांच्या आसपास आला. दिनशा वाच्छांनी या सट्ट्यावर स्वतंत्र पुस्तक लिहिलं आहे. शेअरबाजारात पाय टाकणाऱ्या प्रत्येकाने ते एकदा तरी वाचावं, असं माझं मत आहे.

जमशेटजी तेव्हा सव्वीस वर्षांचे. परक्या देशात, हातात रद्दी झालेले कागद आणि मागे लिव्हरपूल-लंडनचे धनको. बँकेची गोष्ट मिटली होती. या वेळी त्यांनी जे केलं ते मला टाटांच्या पोलादापेक्षाही मोठं वाटतं. ते लपले नाहीत. धनकोंसमोर बसून पेढीची खरी स्थिती त्यांनी मांडली. हॅरिसने लिहिलेल्या चरित्रात आहे की धनकोंनी या तरुणालाच त्याच्या पेढीचा लिक्विडेटर नेमलं, दरमहा वीस पौंड पगारावर. बुडालेल्या माणसाच्याच हाती बुडीताचा हिशेब द्यायचा, ही व्यापारी जगात सहजी होणारी गोष्ट नाही. इकडे मुंबईत नसरवानजींनी मालमत्ता मोडून देणी भागवली.

दौलत परत मिळवण्याच्या कथा आपण नेहमी उलट्या टोकाने सांगतो, आधी जिद्द, मग धाडस, मग यश. टाटांच्या बाबतीत पहिली पायरी देणं फेडण्याची होती. ती वगळली तर पुढचं काहीच घडलं नसतं, कारण पुढचं सगळं उधारीवर आणि भरवशावर चाललं. सट्ट्यात पैसा गेला, पण पत गेली नाही. विरजी व्होऱ्याची पेढी लुटीत गेली, टाटांची भावात गेली. यातलं एक संकट माणसाच्या हातात नसतं. दुसऱ्यात निदान हिशेब देणं हातात असतं.

तरीही पतीने पोट भरत नाही, भांडवल लागतंच. ते कुठून आलं, तर युद्धातून. १८६७ मध्ये इथिओपियाच्या सम्राट तेवोद्रोसने ब्रिटिश वकील आणि मिशनरी कोंडून ठेवले म्हणून सर रॉबर्ट नेपियरच्या हाताखाली मुंबईहून मोहीम निघाली. हजारो सैनिक, त्याहून अधिक नोकरचाकर, खेचरं, उंट, आणि तोफा वाहायला चव्वेचाळीस हत्ती. या लष्कराच्या रसदीचा ठेका ज्या व्यापाऱ्यांच्या गटाला मिळाला, त्यात नसरवानजी होते. रसद लांब मोहिमेच्या हिशेबाने भरलेली, आणि मग्दाला १३ एप्रिल १८६८ ला पडलं, म्हणजे नेपियर किनाऱ्यावर उतरल्यापासून साडेतीनएक महिन्यांत. सम्राटाने स्वतःवर गोळी झाडून घेतली. मोहिमेचा खर्च नव्वद लाख पौंडांच्या घरात गेला आणि विलायतेत पार्लमेंटने त्याची चौकशी लावली. ठेकेदारांच्या गटाचा नफा चाळीस लाख रुपये होता, असं चरित्रकार नोंदवतात.

म्हणजे टाटांचं दुसरं भांडवल साम्राज्याच्या एका खर्चिक आणि बरीचशी फुकटची म्हणावी अशा मोहिमेतून आलं. यात काही बेकायदा नव्हतं. पण 'शून्यातून उभारलेलं' वगैरे जे भाषणांत सांगतात, ते तितकंसं खरं नाही. शून्यातून वर यायला त्यांना योग्य वेळी एक युद्ध मिळालं, आणि युद्धाच्या ठेक्यात शिरायला ओळख आणि पत लागत होती. ती त्यांनी तीन वर्षांपूर्वी राखली होती.

इथून पुढे बापलेकांचे मार्ग वेगळे दिसू लागतात. नसरवानजींचा पिंड व्यापाऱ्याचा, घेतलं आणि विकलं. जमशेटजींनी १८६८ मध्ये एकवीस हजारांवर स्वतःची पेढी काढली आणि पुढच्या वर्षी चिंचपोकळीची दिवाळं निघालेली तेलाची गिरणी घेतली. तिची त्यांनी कापडगिरणी केली, नाव ठेवलं अलेक्झांड्रा. दोनेक वर्षांत चांगला नफा घेऊन केशवजी नाईकांना विकूनही टाकली. चालती गिरणी विकली, कारण त्यांना मुंबईत गिरणी चालवायचीच नव्हती असं दिसतं. लँकेशायरमध्ये त्यांनी एक गोष्ट नीट बघितली होती. आपला कापूस मुंबईवरून सहा हजार मैलांवर जातो, तिथे कापड होतो आणि त्याच बोटींनी परत येऊन आपल्याच बाजारात विकला जातो. या फेऱ्यातली जी मजुरी, भाडं आणि दलाली आहे, ती शेताच्या बांधाजवळ का राहू नये?

म्हणून नागपूर. कापूस आसपासचा, वरोऱ्याचा दगडी कोळसा जवळ, हातमागावर सूत वापरणारे कोष्टी शेजारी, आणि मालगाडी दाराशी. १८७४ मध्ये पंधरा लाखांच्या भांडवलावर सेंट्रल इंडिया स्पिनिंग, वीव्हिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी निघाली. जुम्मा तलावाकाठची दलदल स्वस्तात मिळाली. ती भरून काढायला पैसे मागितले तेव्हा एका मारवाडी सावकाराने, सोनं चिखलात ओतणाऱ्याला मी कर्ज देणार नाही, असं सुनावलं. काही वर्षांनी त्यानेच कबूल केलं की या माणसाने चिखलात माती टाकली आणि सोनं वर काढलं. ही गोष्ट टाटांच्या सगळ्या चरित्रांत आहे, खरी असो वा घासून गुळगुळीत केलेली. मला त्यातला सावकार मूर्ख वाटत नाही. सट्ट्यात पोळलेल्या काळात, बुडालेल्या पेढीचा वारस मुंबई सोडून दलदलीत गिरणी बांधतोय म्हटल्यावर शहाण्या माणसाने हात आखडताच घेतला असता.

१ जानेवारी १८७७ रोजी, व्हिक्टोरिया हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याचं जाहीर झालं त्याच दिवशी, गिरणी सुरू झाली आणि तिला एम्प्रेस हे नाव मिळालं. सुरुवातीला सुमारे तीस हजार चात्या आणि साडेचारशे माग. आरंभीची यंत्रं काटकसरीने घेतलेली आणि हलकी निघाली, ती बदलावी लागली. कारभार दिला बेझनजी दादाभाई मेहता यांच्याकडे. बेझनजींना गिरणीचा अनुभव नव्हता, ते रेल्वेच्या मालवाहतुकीतून आलेले. निवड विचित्र दिसते, पण ती अचूक होती. ज्या धंद्यात नफा-तोटा मालाच्या वाहतुकीवर ठरतो, तिथे वॅगन ओळखणारा माणूस हवा. पुढच्या दशकात रिंग-चात्या आणल्या, तेव्हा लँकेशायरचे बरेच गिरणीवाले अजून जुन्या म्यूल-चात्यांनाच धरून होते. १८८६ मध्ये कामगारांसाठी निवृत्तिवेतनाचा निधी सुरू झाला. त्याच वर्षी नसरवानजी वारले. बापाचं हरवलेलं परत आणण्याचं काम तोवर कधीच झालं होतं. कुर्ल्याची स्वदेशी मिल, मुंबईचं ताज, पोलाद आणि बंगळूरचं विज्ञानमंदिर यांबद्दल मराठीत भरपूर लिहिलं गेलं आहे, ते इथे उगाळत नाही.

एक सांगितलं पाहिजे. टाटांनी गेलेली दौलत ज्या धंद्यात गेली त्याच धंद्यात शोधली नाही. वायद्याच्या बाजारात पुन्हा उतरून जुना हिशेब चुकता करावा, हा मोह त्या वेळी मुंबईत अनेकांना झाला. जमशेटजींनी कापूस सोडला नाही, फक्त त्याच्या साखळीतली आपली जागा बदलली. बंदरावरचा दलाल उठला आणि शेताजवळचा कारखानदार झाला.

बऱ्हाणपूरने अशी जागा बदलली नाही. बदलावी असं ठरवणारं कोणी नव्हतं. शहराला बाप नसतो, वारस नसतो, धनकोंसमोर बसणारा सव्विशीतला मुलगा नसतो. १९०६ मध्ये तिथल्या लालबागला ताप्ती मिल निघाली, म्हणजे नागपूरच्या एकोणतीस वर्षांनी. तिने पिढ्या पोसल्या. बऱ्हाणपूर, रावेर, शहापूरच्या कितीतरी मराठी घरांत आजा आणि बाप दोघं मिलमध्ये होते. ती आजारी पडली आणि १९७४ च्या राष्ट्रीयीकरणात नॅशनल टेक्स्टाइल कॉर्पोरेशनकडे गेली. विसाव्या शतकातला या भागातला दुसरा मोठा डाव नेपानगरचा. तिथला वृत्तपत्राच्या कागदाचा कारखाना १९४७ मध्ये खाजगी म्हणून निघाला, दोनच वर्षांत तेव्हाच्या मध्यप्रांत सरकारला हाती घ्यावा लागला आणि १९५६ च्या एप्रिलमध्ये नेहरूंनी तो देशाला अर्पण केला. जुने वाचक लहानपणी जे वर्तमानपत्र वाचत, त्यातलं पुष्कळसं नेपाच्या कागदावर छापलं जाई.

आज गावात खटखटतात ते यंत्रमाग. एकेका घरात दोन, चार, आठ. सूत बाहेरून येतं, बहुतेक विणकर मजुरीवर विणतात, कोरं कापड निघतं आणि रंगाई-छपाईसाठी पुन्हा बाहेर जातं. नफ्याचा मोठा वाटा रंगाई आणि विक्रीत असतो, म्हणजे बऱ्हाणपूरबाहेर. ताव्हेर्निएच्या काळातली मांडणी साडेतीनशे वर्षांनी जवळपास तशीच आहे. शेतकरी मात्र हलला. जिल्ह्याने कापूस कमी करून केळी धरली, आणि आज बऱ्हाणपूरची ओळख बाहेरच्या बाजारात कापडाइतकीच केळीची आहे. जागा बदलण्याचं शहाणपण इथे मागवाल्यापेक्षा आधी शेतकऱ्याला सुचलं, हे नोंदवायला हवं.

टाटांच्या एम्प्रेस मिलचंही पुढे ताप्ती मिलसारखंच झालं. १९८६ मध्ये ती महाराष्ट्राच्या सरकारी वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि २००२ मध्ये कायमची बंद पडली. तिचे देणे-घेणे निदान कागदावर संपवले गेले. ताप्ती मिलचं तेही झालेलं नाही. मार्च २०२० च्या टाळेबंदीत नॅशनल टेक्स्टाइल कॉर्पोरेशनच्या देशभरातल्या चालू गिरण्यांबरोबर ती थांबली, आणि बंद न म्हणता थांबवलेलीच ठेवली गेली. कामगार बराच काळ निम्म्या पगारावर, तेही वेळेवर मिळेल याची खात्री नाही. यंत्रं गंजतात, माणसं निवृत्तीच्या वयाला येतात. १८६५ मधल्या एका कंगाल पेढीने आपलं देणं मांडून दाखवण्याचा जो हिशेबीपणा केला, तेवढाच दिल्लीच्या वस्त्रोद्योग मंत्रालयाने करावा. गिरणी चालवायची असेल तर चालवावी. नसेल तर तसं स्पष्ट सांगून कामगारांचा पै-पैचा हिशेब चुकता करावा आणि ती जमीन बऱ्हाणपूरच्या यंत्रमागवाल्यांना सामाईक रंगाई-छपाई केंद्रासाठी द्यावी.